प्रमाणपत्रापासून पहिल्या पगारापर्यंत

शास्त्रवाचन : मत्तय २०:१-१६, प्रेषितांची कृत्ये ९:२६-३० व ११:२२-२६, रोमकरांस पत्र १६:१-२





आपल्या पत्रिकेच्या एका जुन्या अंकात आम्ही एक छायाचित्र छापले होते. पांढऱ्या गणवेशातली, हातात दिवा घेऊन शपथ घेणारी सातपुड्यातील एक मुलगी. त्याखालची ओळ मीच लिहिली होती : ‘आपल्या दानाचे फळ’. तो फोटो पाहून आपल्यापैकी कित्येकांनी पत्रे पाठवली, काहींनी दान वाढवले. पुढे तिचा निकाल लागला तेव्हा त्याचीही दोन ओळींची बातमी दिली आणि आम्ही तिची फाइल बंद केली.

त्या बंद फाइलच्या पुढे काय झाले, ते या अभ्यासात सांगायचे आहे. सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यात चूक त्या मुलीची नाही, माझी आहे. परंतु प्रभूने या चुकीतून मला वचनाचे तीन भाग नव्याने वाचायला लावले. तेच आपणांपुढे ठेवते.

उसाच्या फडातील नर्स

तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात एका पाड्यावर तिचे घर आहे. घरात पावरी बोली. आश्रमशाळेत राहून ती बारावी झाली आणि जी.एन.एम.ला लागली. हा परिचर्या आणि प्रसूतिविद्येचा तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यात शेवटचे सहा महिने रुग्णालयात इंटर्नशिप असते. शिक्षणाचा बराच भार सरकारी शिष्यवृत्तीवर होता, काही भार आपल्या निधीने उचलला. उरलेल्यासाठी तिच्या वडिलांनी दोनातला एक बैल विकला.

बैल विकायच्या आधी मी त्यांच्या ओट्यावर बसून म्हणाले होते, “दादा, तीन वर्षं दम धरा. मग पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहील.” ते शब्द माझे आहेत. ते मला विसरता येत नाहीत.

निकालानंतर आठ महिन्यांनी, जानेवारीत, मी गुजरातमध्ये बारडोलीच्या बाजूला गेले होते. आमच्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला तिकडे जातात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांची शाळा तुटू नये म्हणून आम्ही दरवर्षी तळांवर जाऊन येतो. संध्याकाळची वेळ होती. एका कोपीपुढे एक माणूस पाय पुढे करून बसला होता. कोयता लागून पावलावर चीर पडली होती. एक मुलगी उकळून गार केलेल्या पाण्याने ती जखम धूत होती. आधी आपले हात साबणाने स्वच्छ धुतलेले, धुवायची पद्धत आतून बाहेर, पट्टी नीट आवळलेली. “उद्या दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घे, उशीर करू नको,” असे ती त्याला सांगत होती. मी जवळ गेले. तिने मला ओळखले आणि मान खाली घातली.

ती भावाच्या मुलांना सांभाळायला आणि भाकरी करायला तळावर आली होती.

“ताई, मी नर्स आहे असं इथं कुणाला सांगितलं नाही,” ती म्हणाली. “येतं म्हणून करते एवढंच.”

त्या रात्री तिने आठ महिने क्रमाने सांगितले. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता आला नव्हता, म्हणून विद्यालयाने मूळ कागदपत्रे अडवून ठेवली. त्यात तीन महिने गेले. कागद हातात नाहीत म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होईना, आणि नोंदणीशिवाय कोणी रीतसर कामावर घेईना. शेवटी नोंदणी झाली आणि ती नाशिकला गेली. चार रुग्णालये फिरली. पहिल्या ठिकाणी विचारले, अनुभव आहे का? दुसऱ्या ठिकाणी रखवालदारानेच बायोडाटा ठेवून घेतला. तिसऱ्या ठिकाणी महिना सात हजार देऊ म्हणाले, राहायची सोय तिची तिने करायची, आणि दोन वर्षे सोडून जाऊ नये म्हणून मूळ प्रमाणपत्रे त्यांच्याकडे जमा करायची. ती घाबरली आणि परत फिरली. चौथ्या ठिकाणी मुलाखत झाली. इंग्रजीत स्वतःबद्दल सांग म्हणाले. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

“तुम्हाला फोन केला होता, ताई. तुम्ही म्हणालात, प्रार्थना कर, प्रभू दार उघडेल. मी केली. रोज केली. पण नाशिकला परत जायला तिकिटाचे पैसे नव्हते, ते तुम्हाला कसं सांगायचं?”

तो फोन मला आठवतो. त्या वेळी मी पुढच्या तुकडीच्या प्रवेशाच्या बैठकीत होते. मी तिला जे सांगितले ते खोटे नव्हते, परंतु ते मी तिला लवकर वाटेला लावण्यासाठी सांगितले होते. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्यांची कानउघाडणी केली आहे, उघड्या आणि उपाशी भावंडांना केवळ चांगले शब्द देऊन निरोप देणारे, त्यांच्यात मी त्या दिवशी होते.

१. नाक्यावर उभा असलेला आळशी नसतो (मत्तय २०)

द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आपण कृपेचा दृष्टान्त म्हणून शिकतो आणि ते योग्यच आहे. तो स्वर्गाच्या राज्याविषयी आहे. नोकऱ्या कशा द्याव्यात याविषयी नाही. तरीही प्रभूने हे चित्र लोकांच्या रोजच्या जगण्यातून घेतले होते. आपल्या शहरांत सकाळी मजूर नाक्यावर माणसे डबा घेऊन उभी असतात, तसाच तो बाजार. एक दिनार ही तेव्हाची दिवसाची मजुरी. ती मिळाली नाही तर त्या रात्री घरात चूल पेटणे कठीण.

धनी पाच वेळा बाहेर जातो : पहाटे, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशी. अकरावा तास म्हणजे सायंकाळचे पाच. त्या वेळी जे उभे असतात त्यांना तो विचारतो, दिवसभर रिकामे का? ते सांगतात, आम्हांला कोणी कामावर घेतले नाही. येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की धनी त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवतो. तुम्ही आळशी असाल, तुमच्यात काही कमी असेल, असे तो म्हणत नाही. दुसरी अशी की ते पाच वाजेपर्यंत तेथून हललेले नाहीत. ज्याने आशा सोडली तो दुपारीच घरी जातो.

आपण मात्र नोकरी न लागलेल्या मुलीकडे पाहून काय म्हणतो? ‘तिने नीट प्रयत्न केले नसतील.’ ‘एवढा खर्च केला, काय उपयोग?’ पाड्यावर तर आणखी एक वाक्य ऐकू येते : ‘शिकूनही ऊसच तोडायचा, तर शिकवायचं कशाला?’ हे वाक्य एका मुलीपुरते थांबत नाही. त्या वर्षी त्याच पाड्यावरील दुसऱ्या एका वडिलांनी दहावी झालेल्या मुलीला पुढे पाठवले नाही. त्यांनी कारण विचारताच आमच्या फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवले. मला काय उत्तर देणार?

पूर्वीची वाट आणि आताची वाट

वाचकांपैकी काही ज्येष्ठ विचारतील, आमच्या वेळी असे नव्हते, आता का? प्रश्न रास्त आहे.

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उभे केले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांच्या रुग्णालयात १९०९ साली परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. त्या काळी पुष्कळ घराणी हे काम कमी प्रतीचे मानून मुलींना पाठवत नसत. म्हणून स्वातंत्र्यापूर्वीच्या भारतात परिचारिकांमध्ये ख्रिस्ती स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. मिशन रुग्णालयात शिक्षण, वसतिगृह, प्रार्थना आणि पहिली नेमणूक हे सारे बहुधा एकाच आवारात असे. मुलगी जेथे शिकली तेथेच किंवा ओळखीच्या दुसऱ्या मिशन रुग्णालयात लागे. तिची मेट्रन तिला नावानिशी ओळखत असे. मेट्रनचे एक पत्र पुरे होत असे.

आज पुष्कळ विद्यालये वेगळी आणि नोकरी देणारी रुग्णालये वेगळी झाली आहेत. विद्यालयाचे काम निकालाबरोबर संपते. पुढची वाट मुलीने एकटीने चालायची. शहरातील सुशिक्षित घरातील मुलीला त्या वाटेवर मामा असतो, शेजारी असतो, दोन महिने खर्च करायची ऐपत असते. पाड्यावरच्या मुलीला यातले काहीच नसते. तिच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच असते.

आणि गरज नाही असे मुळीच नाही. सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र असावे, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,००० असे आहेत. दुर्गम भागाला माणसे अधिक लागतात हे सरकारनेही मान्य केले आहे. कळा सुरू झालेल्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारी परिचारिका तर दहा औषधांच्या बरोबरीची. म्हणजे एकीकडे रुग्ण वाट पाहत आहेत आणि दुसरीकडे शिकलेली मुलगी वाट पाहत आहे. मधला पूल बांधायचे काम कोणाचे?

२. पहिला विश्वास कोणी ठेवायचा? (प्रे. कृत्ये ९ व ११)

‘अनुभव आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या परिचारिकेला विचारला जातो. अनुभव कामावर मिळतो आणि काम अनुभवाशिवाय मिळत नाही. या फेऱ्यातून कोणीही एकट्याने बाहेर पडत नाही. कोणीतरी पहिला विश्वास ठेवावा लागतो.

शौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भिऊन होते. हा खरोखर शिष्य आहे यावर कोणाचाच विश्वास बसेना. त्याची साक्ष खरी होती, पण ती ऐकून घेणारा कोणी नव्हता. तेव्हा बर्णबा त्याला सोबत घेऊन प्रेषितांकडे गेला आणि त्याच्याविषयी स्वतः बोलला : याने वाटेत प्रभूला कसे पाहिले, दिमिष्कात कसे धैर्याने सांगितले. बर्णबाने स्वतःचे नाव पणाला लावले.

पण बर्णबाचे काम येथे संपले नाही, आणि मी इतकी वर्षे हा पुढचा भाग घाईने वाचत आले होते. शौलाला पुढे तार्सास पाठवण्यात आले. मग अंत्युखियात काम वाढले तेव्हा बर्णबा त्याला शोधण्यासाठी तार्सास गेला. त्याने निरोप पाठवला नाही, स्वतः गेला. त्याला शोधून काढले, अंत्युखियास आणले आणि वर्षभर दोघांनी मिळून काम केले. बर्णबा या नावाचा अर्थ बोधपुत्र. धीर देणारा माणूस कसा असतो ते येथे दिसते : ओळख करून देणारा, शोधत जाणारा आणि पहिले वर्ष सोबत राहणारा.

आम्ही प्रवेशाच्या वेळी ओळख करून दिली होती. शोधत गेलो नव्हतो. तळावर ती मला भेटली तीसुद्धा योगायोगाने. मी तिला शोधायला गेले नव्हते. म्हणून त्या भेटीत मला प्रभूचा हात दिसतो, माझी सेवा दिसत नाही.

३. तिला जे लागेल ते (रोमकरांस १६)

रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल एका बहिणीविषयी लिहितो. तिचे नाव फिबी. ती किंख्रिया येथील मंडळीची सेविका. परक्या मोठ्या शहरात ती येत आहे. पौल दोनच वचनांत तिच्यासाठी शिफारसपत्र लिहितो. तिचा प्रभूमध्ये स्वीकार करा एवढ्यावर तो थांबत नाही. ज्या ज्या बाबतीत तिला तुमची गरज पडेल त्यात तिला साहाय्य करा, असेही सांगतो. कारण तिनेही पुष्कळांना आधार दिला आहे.

ख्रिस्ती परिचर्येच्या इतिहासात फिबीची आठवण वारंवार काढली जाते. जर्मनीत कैझर्सवर्थ येथे पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी १८३६ साली सेविकांची संस्था सुरू केली ती या सेविकापणाच्या नमुन्यावरच. आणि फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५१ साली तेथे शिकायला गेल्या होत्या. आपल्या उपकेंद्रात येणाऱ्या बाईलाही आपण आरोग्यसेविकाच म्हणतो.

पौलाने ‘जे लागेल ते’ यात काय काय धरले असेल ते आपणांस ठाऊक नाही. पण नव्या परिचारिकेला काय लागते, ते मला आता ठाऊक आहे. आम्ही त्या मुलीसोबत बसून एका वहीत लिहून काढले.

कागद : मूळ कागदपत्रे विद्यालयातून सोडवून आणणे, परिषदेची नोंदणी, जमातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी. सरकारी भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करून ही पडताळणी वेळेत होत नाही. ती आधीच करून ठेवावी.

पैसा : बसभाडे, दोन महिन्यांची खोली आणि जेवण, गणवेश, बूट, सेकंदकाटा असलेले घड्याळ. मोठी रक्कम नाही, पण नेमकी तीच नसते. तीन वर्षांच्या शिक्षणाला दान मिळते, या दोन महिन्यांना मिळत नाही.

बायोडाटा : तिने ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘नाही’ असे लिहिले होते. मग सहा महिने इंटर्नशिपमध्ये काय केले? कोणत्या कक्षात किती दिवस, रात्रपाळ्या किती, किती बाळंतपणांत हात लावला, हे सर्व तिच्या नोंदवहीत होते. ते लिहायचे असते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मुलाखत : मी तिला विचारले, ५०० मिलि सलाइन चार तासांत द्यायचे, सेट १५ थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “एकतीस, ताई.” उत्तर बरोबर होते. नाशिकला तिला हे कोणी विचारलेच नाही. इंग्रजीत चार वाक्ये बोलता आली नाहीत, म्हणून तिचे सारे ज्ञान आतच राहिले. चार वाक्ये आठवडाभरात शिकता येतात. थेंबांचा हिशेब शिकायला तीन वर्षे लागली होती.

करार : मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवायला देऊ नयेत, प्रती द्याव्यात. पगार, पाळीचे तास, रजा आणि राहण्याची सोय लेखी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये असावेत अशी शिफारस केली. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ते मिळत नाहीत. तरी आपला हक्क काय आहे हे ठाऊक असलेली मुलगी निदान सात हजाराला आपले आयुष्य गहाण टाकत नाही.

पुढे काय झाले

आमच्या मंडळीत एक निवृत्त मेट्रन आहेत. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात. मी त्यांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारले, “मला आधी का नाही सांगितलं?” त्यांनी सहा शनिवार तिला घरी बोलावले. रक्तदाब, सुया, औषध देतानाच्या पाच गोष्टी (योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ) सारे पुन्हा घोटून घेतले. इंग्रजीत बोलायला लावले. ती अडखळली की त्या हसत नसत, थांबत. मंडळीतील एका कुटुंबाने आपल्या घरची एक खोली दोन महिन्यांसाठी दिली. विद्यालयातील एका शिक्षिकेने तिच्या कामाविषयी पत्र दिले. मी शिष्यवृत्तीच्या हप्त्यासाठी कार्यालयात चकरा मारल्या. ते काम खरे तर मी वर्षभर आधी करायला हवे होते.

तालुक्याच्या गावी तीस खाटांच्या एका रुग्णालयात मुलाखत होती. मेट्रन गुडघ्याला पट्टा बांधून तिच्याबरोबर गेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, अनुभव? या वेळी तिने आपली नोंदवही पुढे सरकवली. त्यांनी दहा मिनिटे ती चाळली आणि महिनाभर काम पाहू म्हणाले. त्या गोष्टीला आता सात महिने झाले. ती अजून तेथेच आहे. पगार त्या समितीच्या शिफारशीपेक्षा बराच कमी आहे, रात्रपाळ्या जास्त आहेत, आणि दोनदा ती मेट्रनबाईंकडे येऊन रडली आहे. पण डोंगरावरून एखादी बाई बाळंतपणासाठी आली की आता तिलाच बोलावतात.

हे सारे गोड आहे असे समजू नये. तिच्याच तुकडीत आपल्या निधीतून शिकलेली आणखी एक मुलगी होती. तिला शोधत आम्ही पोहोचलो तेव्हा तिचे लग्न होऊन ती दूर गेली होती. सासरचे लोक भले आहेत, पण नर्सचे काम करू देणार नाहीत. तिच्यासाठी अकरावा तास होऊन गेला होता. आणखी दोघी या क्षणी घरी बसून आहेत.

मी नुकतीच पाड्यावर गेले होते. ओट्यावर त्याच जागी बसले. वडिलांकडे अजून एकच बैल आहे. शेजाऱ्याचा एक आणि त्यांचा एक अशी सावड करून दोघांची शेते नांगरतात. मी म्हणाले, “दादा, पोरीचा फोटो छापू का पुन्हा? नोकरीच्या गणवेशातला?” ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता नको, ताई. दोन वर्षं टिकू द्या तिला. मग छापा.”

म्हणून या लेखासोबत छायाचित्र नाही.

आपण काय करू शकता

एका बैलाने नांगर चालत नाही. आपल्या मंडळीत डॉक्टर असतील, निवृत्त परिचारिका असतील, रुग्णालयात कारकून असतील. त्यांनी एका मुलीची ओळख करून द्यावी. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी दोन महिने एका मुलीला राहू द्यावे. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी आठवड्यातून एक तास फोनवर बोलावे. जे दान देतात त्यांनी कृपया लिहून कळवावे की आपल्या दानातील काही भाग निकालानंतरच्या काळासाठी वापरावा. आमच्या समितीने आता ठरवले आहे की कोणत्याही मुलीची फाइल निकालाला बंद करायची नाही. पहिल्या पगारानंतर एक वर्ष ती उघडी राहील.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तय २० मधील धनी पाच वेळा बाहेर गेला. आपली मंडळी एकदा मदत केल्यावर पुन्हा बाहेर जाते का?

२. आपण कोणाला ‘प्रार्थना कर’ असे सांगून वाटेला लावले आहे का? त्या व्यक्तीला तेव्हा खरे काय हवे होते?

३. बर्णबाने शौलासाठी केलेल्या तीन गोष्टी कोणत्या? त्यांपैकी आपणांस सर्वांत अवघड कोणती वाटते आणि का?

४. आपल्या मंडळीत शिक्षण पूर्ण करून काम शोधत असलेले किती तरुण-तरुणी आहेत? त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत का? नसल्यास येत्या रविवारी विचारून घ्या.

प्रार्थनेचे विषय

घरी बसलेल्या आपल्या दोन परिचारिका भगिनींसाठी, त्यांचा धीर आणि हाताचे कौशल्य टिकावे म्हणून प्रार्थना करा. रात्रपाळी करणाऱ्या आपल्या बहिणीच्या आरोग्यासाठी आणि तिच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक बाळासाठी प्रार्थना करा. लग्न होऊन दूर गेलेल्या त्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरच्यांचे मन वळावे म्हणून. मेट्रनबाईंच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करा. आणि आम्हां कार्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा की, फोन आला तर आम्ही आधी ऐकून घ्यावे.

प्रभूच्या सेवेतील आपली बहीण,
एक कार्यकर्ती